काय खावंसं वाटतं? : डोहाळे आणि गरोदर बाईचे ताट (प्रस्तावना)

खोपोलीला लागून असलेल्या साजगाव-ताकईत कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. विठोबाची यात्रा म्हटली की तुळस, बुक्का आणि उपवास आठवतात. इथे मात्र सुक्या मासळीचा बाजार मांडलेला असतो. बोंबील, सुकट, करदी, वाकट्या यांचे ढीग, शेजारी घाटावरून आलेल्या घोंगड्या, आणि पुढच्या कित्येक महिन्यांची बेगमी पिशव्यांत भरून घरी निघालेली माणसे. म्हणून हा देव पंचक्रोशीत ‘बोंबल्या विठोबा’ झाला. तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी घाट उतरून इथवर येत, असे इथले लोक सांगतात.

गरोदरपणाच्या आहारावरच्या पुस्तकाची सुरुवात या यात्रेपासून करण्याला कारण आहे. शंभर ग्रॅम सुक्या बोंबलात साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, शिवाय चुना (कॅल्शियम), लोह आणि शाकाहारात दुर्मीळ असलेले ब-१२ जीवनसत्त्व. याच पट्ट्यात भातानंतर त्याच ओलीवर वाल पेरतात. डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकते. पहिल्या पावसात शेवळे येतात, मागोमाग टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा, करटोली. ओढ्याला चढणीचे मासे आणि खेकडे मिळतात. उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, कैऱ्या असतात. ठाकूर आणि कातकरी बायकांना या रानाचा महिनावार हिशोब तोंडपाठ असतो. कर्जत-खालापूरच्या मातीत गरोदर बाईला लागणारे जवळजवळ सगळे पिकते, उगवते किंवा यात्रेत विकायला येते.

आणि तरीही तिचे रक्त कमी भरते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे निम्म्याहून अधिक जणींचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली होते. शिवारात अन्न आहे, बाजारात आहे, घरातही बहुतेक वेळा आहे. मग तिच्या ताटात ते किती येते, कधी येते, आणि कोण वाढते? या पुस्तकातला प्रत्येक विषय फिरून याच प्रश्नाशी येतो.

आपल्या संस्कृतीने या प्रश्नाला एक सुंदर उत्तर फार पूर्वी शोधून ठेवले होते. ते म्हणजे डोहाळे. एरवी सगळ्यांचे झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते जेवणाऱ्या सुनेला त्या नऊ महिन्यांत सासू, जाऊ, नणंद, शेजारीण विचारतात, “काय खावंसं वाटतं गं?” बाईच्या आयुष्यात हा प्रश्न इतक्या उघडपणे आणि इतक्या मायेने क्वचितच विचारला जातो. त्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. मात्र तो ओटीभरणाच्या एका दिवसापुरता, एखाद्या चिंचेच्या बोटकापुरता किंवा पेढ्या-बर्फीच्या वाटीपुरता राहिला, तर त्यातून बाळ-बाळंतिणीच्या हाडामांसाला काही मिळत नाही. तो रोज, दोन्ही वेळच्या जेवणाला, आणि दिवस जाण्याच्याही आधीपासून विचारला गेला पाहिजे, हे या पुस्तकाचे सांगणे आहे.

आधी डोहाळ्यांविषयी आज काय ठाऊक आहे ते पाहू. पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक जणींना मळमळ होते. फोडणीचा वास सहन होत नाही, शिजत्या भाताचाही नकोसा होतो. यामागे गर्भारपणी बदलणारी संप्रेरके आहेत. त्यांतल्या जीडीएफ-१५ नावाच्या एका संप्रेरकाचा या मळमळीशी आणि उलट्यांशी असलेला थेट संबंध २०२३मध्ये पुढे आला. गर्भाकडून येणारे हे द्रव्य आईच्या रक्तात वाढते, आणि ज्यांच्या शरीराला त्याची आधीपासून सवय कमी, त्यांना त्रास जास्त होतो. उलट्या म्हणजे नखरे, असे ज्या घरात म्हटले जाते त्या घरात हे आवर्जून सांगायला हवे. आंबटाची ओढ, गोडाची किंवा तिखटाची ओढ, एखाद्या आवडत्या पदार्थाचा अचानक तिटकारा, हे सगळे चवीच्या आणि वासाच्या बदललेल्या जाणिवेशी जोडलेले असावे, असे मानतात.

डोहाळे का लागतात याची तीन उत्तरे आजवर दिली गेली. शरीरात जे कमी असते तेच मागावेसे वाटते, हे पहिले. ते ऐकायला पटते, पण त्याला पुरावा तोकडा आहे. चुना कमी असलेली प्रत्येक बाई नाचणी मागत नाही. सारे संप्रेरकांचे काम आहे, हे दुसरे. पण मग देशोदेशीच्या बायकांचे डोहाळे वेगळे का, आणि साजगावच्या बाईला करवंद आणि परदेशातल्या बाईला चॉकलेट का आठवते, हे त्यातून उलगडत नाही. तिसरे उत्तर समाजाकडे बोट दाखवते: जिला एरवी मागण्याची मुभा नाही, तिला या काळात ती मिळते, आणि मनात दडपलेली इच्छा जिभेवर येते. मला तिन्हींत तथ्य दिसते, पण आपल्याकडच्या घरांकडे पाहताना तिसऱ्याचे वजन अधिक वाटते.

माती खाण्याचा डोहाळा मात्र वेगळा काढून पाहावा लागतो. भाजकी माती, चुलीचे पोपडे, राख, खडू, कच्चे तांदूळ खाणाऱ्या गरोदर बाया आजही गावोगाव आहेत. कालिदासाने रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा राणीच्या मुखाला येणाऱ्या मातीच्या गंधाचे वर्णन केले आहे, म्हणजे ही गोष्ट राजवाड्यापर्यंत पोचलेली होती. आजचे वैद्यक या सवयीचा रक्तक्षयाशी वारंवार संबंध पाहते. माती खाल्ल्याने रक्त कमी होते की रक्त कमी म्हणून माती खावीशी वाटते, याचा निकाल लागलेला नाही. पण मातीबरोबर जंत पोटात जातात आणि काही माती लोह शोषू देत नाही. म्हणून अशी बाई दिसली की तिला रागावण्यापेक्षा तिचे हिमोग्लोबिन तपासून घेणे हे पहिले काम.

हा विषय आपल्याकडे किती जुना आहे ते आयुर्वेदाच्या ग्रंथांवरून कळते. सुश्रुत आणि चरक दोघेही गरोदर स्त्रीच्या इच्छा पुरवाव्यात असे बजावतात. त्या डावलल्या तर गर्भाला इजा होते अशी त्यांची धारणा होती. ती धारणा आज कोणी शब्दशः घेणार नाही. पण चरकसंहितेच्या शारीरस्थानात त्यापुढे जाऊन एक व्यवहारी सूचना आहे: इच्छा फारच तीव्र असेल आणि पदार्थ अपायकारक असेल, तर तो हितकर पदार्थाबरोबर मिसळून द्यावा. म्हणजे नाकारू नये, धाक दाखवू नये, वाट काढावी. याच ग्रंथात महिन्यागणिक आहारही सांगितला आहे, पहिल्या महिन्यात दूध, पुढे मध-तूप घातलेले दूध, मग लोणी, तूप, आठव्या महिन्यात दुधातली पेज. हा आहार दूध-तुपाची ददात नसलेल्या घराचा आहे हे उघड आहे. तो जसाच्या तसा कातकरी वाडीवर नेता येत नाही, पण इच्छा आणि पथ्य यांची सांगड घालण्याचा त्यातला विचार सर्वत्र नेता येतो.

दुसरी परंपरा कथांची आणि गाण्यांची. रामायणाच्या उत्तरकांडात गरोदर सीतेला राम तिची इच्छा विचारतो, ती तपोवने पाहण्याची इच्छा सांगते, आणि तोच डोहाळा तिला वनात सोडण्याचे निमित्त होतो. इच्छा विचारली म्हणजे बाईचे भले झाले असे नाही, हे या कथेइतके परखडपणे कुठे सांगितलेले नाही. शिवनेरीवर जिजाऊंना लागलेल्या पराक्रमाच्या डोहाळ्यांची परंपरा प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. आणि सगळ्यांत मोठा साठा जात्यावरच्या ओव्यांचा. साने गुरुजींनी, सरोजिनी बाबरांनी, दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याचे हे धन जपले. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या आसपास ओव्या गोळा केल्या. मावळ म्हणजे साजगावच्या डोक्यावरचा घाट. तिथल्या आणि इथल्या बायकांची सोयरीक जुनी आहे. या गाण्यांत डोहाळे महिन्यांच्या क्रमाने येतात, आणि त्यात पदार्थांइतकीच माणसे असतात: कोणी आणून द्यावे, कोणाच्या हातचे हवे, माहेरचा बोलावा कधी येईल. तिला फक्त कैरी नको असते. ती कोणी तरी तिच्यासाठी आठवणीने आणलेली हवी असते.

डोहाळजेवण हा त्याच परंपरेचा सोहळा. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, चंद्रकोरीची किंवा नावेची सजावट, सुवासिनींनी भरलेली ओटी, पाच तऱ्हेचे पदार्थ. काही घरांत तिसऱ्या महिन्यातच गुपचूप चोरओटी भरतात. हल्ली हा समारंभ हॉलमध्ये, पडद्यासमोर, छायाचित्रकाराच्या सूचनांनुसार होतो. त्यात काही वाईट नाही. बाईला मध्यभागी बसवणारा कोणताही दिवस चांगलाच. फक्त दुसऱ्या दिवशी तिचे ताट पुन्हा शेवटी वाढले जाते का, हेही पाहायला हवे.

छापील पुस्तकांनी या विषयाला तिसरे वळण दिले. १९१०च्या लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’पासून १९७०च्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’पर्यंत मराठी पाकपुस्तकांनी सुनेला सासूच्या गैरहजेरीतही स्वयंपाक शिकवला. मालती कारवारकरांनी आहारशास्त्र मराठी घराच्या भाषेत आणले आणि गरोदरपणाच्या आहारावर स्वतंत्र लेखन केले. साजगावपासून घाट चढून गेले की लागणाऱ्या कार्ल्याच्या बालाजी तांबे यांनी आयुर्वेदीय गर्भसंस्काराचा विचार घराघरांत नेला. या शाखेने गरोदर बाईच्या मनःस्वास्थ्याकडे लक्ष वेधले, हे तिचे देणे. पण गर्भसंस्काराच्या नावाखाली आज जे अनेक वर्ग आणि पाकिटे विकली जातात, त्यांतले बाळाचे रूप, रंग, बुद्धी किंवा लिंग ठरवण्याचे दावे खोटे आहेत, आणि लिंग ठरवण्याचा दावा तर कायद्यानेही गुन्हा ठरतो. या पुस्तकात त्यांना जागा नाही.

चौथा प्रवाह वैद्यकशास्त्राचा, आणि त्याचा एक मोठा टप्पा मुंबईतच घडला. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्लंडची डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर कामगार बायकांना होणाऱ्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा तिला शोध घ्यायचा होता. नेहमीच्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान होतात. यात त्या मोठ्या आणि अपक्व राहत. जंतूंमुळे हे होत असावे ही शंका तिने तपासून बाजूला ठेवली आणि बायकांच्या जेवणाकडे वळली. ज्यांच्या जेवणात भाजी, फळे, मांस नव्हते त्यांनाच हा आजार अधिक होता. शेवटी यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त चटणीवजा पदार्थाने त्या बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली तिने हे जगापुढे मांडले. त्यातले गुणकारी द्रव्य पुढे १९४१मध्ये पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, ते फोलिक आम्ल. आज जगभरच्या गरोदर स्त्रिया जी गोळी घेतात तिच्या इतिहासात मुंबईच्या चाळींतल्या, अर्धपोटी राहून काम करणाऱ्या बायकांचे रक्त आहे. आपल्याकडे हे फारसे सांगितले जात नाही, म्हणून इथे थोडे विस्ताराने लिहिले.

त्यानंतर इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी गर्भातली उपासमार आणि पुढे प्रौढपणी होणारे हृदयरोग, मधुमेह यांचा संबंध दाखवला. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास सुरू केला. तिथे जन्मलेल्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होते. बाळे दिसायला किरकोळ, पण त्यांच्या अंगात स्नायूंच्या मानाने चरबी जास्त. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या वजनाशी ठळक संबंध दिसला नाही; ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे वारंवार खात होत्या, दूध घेत होत्या, त्यांची बाळे मात्र अधिक भरलेली निघाली. ब-१२ची कमतरता मोठ्या प्रमाणावर आढळली, आणि आईत ब-१२ कमी पण फोलेट (फोलिक आम्ल) जास्त असेल तर मुलाच्या शरीरात पुढे मधुमेहाकडे नेणारे बदल दिसतात, असेही समोर आले. टाकळ्या-कुर्डूच्या भाजीला गरिबाचे खाणे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आणि सुकटाच्या वासाला हसणाऱ्यांनी हे निष्कर्ष मनापासून वाचावेत.

मुंबईच्या झोपडवस्त्यांत २००६पासून झालेला ‘सरस’ हा प्रयोग आणखी बोलका आहे. साडेसहा हजारांच्या आसपास बायका त्यात होत्या. एका गटाला पालेभाजी, फळ आणि दूध घातलेला, चवीला वडा-समोशासारखा खाऊ रोज दिला गेला. दुसऱ्या गटाला बटाट्या-कांद्याचा. दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या बायका खाऊ खात होत्या, त्यांच्या बाळांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने वाढले. उशिरा सुरुवात केलेल्यांना धरून पाहिले तर ठळक फरक उरला नाही. गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आले. आणि मुळातच फार कृश असलेल्या बायकांच्या बाळांना वजनाचा लाभ मिळाला नाही. मुलगी वर्षानुवर्षे अर्धपोटी वाढली असेल तर काही महिन्यांचा खाऊ ते भरून काढू शकत नाही. डोहाळे पुरवण्याची वेळ ती पोटुशी राहते तेव्हा सुरू होत नाही. ती मुलगी दहा-बारा वर्षांची असते, भावाच्या ताटात अंडे पडते आणि तिच्या ताटात पडत नाही, तेव्हाच ही वेळ सुरू झालेली असते.

पाचवा प्रवाह सरकारी आणि सार्वजनिक कामाचा. १९७५मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी आली. गरोदर बाईला तिथून पूरक आहार मिळायला हवा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो तिचा हक्क ठरवला; तेव्हा त्यात दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने धरली होती. महाराष्ट्रात २०१५मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. तिच्यात अंगणवाडीत बसून खायचे एक वेळचे गरम, चौरस जेवण आहे. या योजनेतला ‘बसून खायचे’ हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. घरी नेलेले पाकीट सगळ्या घरात वाटले जाते. अंगणवाडीत वाढलेले ताट तिचेच राहते. कर्जत तालुक्यात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सने आदिवासी वाड्यांवर धान्यबँका उभ्या केल्या, त्यामागेही हाच विचार होता: पावसाळ्यातल्या टंचाईच्या दिवसांत धान्य वाडीतच आणि वाडीच्याच ताब्यात असावे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी बायकांना त्यांच्या शरीराविषयी त्यांच्याच शब्दांत बोलते केले आणि ‘कानोसा’तून ते मराठीत आणले. गरोदर बाईला ऐकावे कसे, हे त्या कामाने शिकवले.

हे सारे आजच लिहिण्याची निकड का, याचे उत्तर खालापूरच्या रस्त्यांवर दिसते. द्रुतगती मार्ग आला, कारखाने आले, जमिनी विकल्या गेल्या. वालाची शेती आकसली, नाचणी पोरांना आवडेनाशी झाली. वाडीवरच्या छोट्या दुकानातही रंगीत पाकिटांच्या माळा लटकतात, आणि आजच्या पोटुशीला करवंदांआधी त्या पाकिटांची, वडापावची, चायनीजच्या गाडीची आठवण होते. रक्तक्षय तसाच असताना गरोदरपणीचा मधुमेह शेजारी येऊन बसला आहे. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघून जातात. तिथे अंगणवाडीचे ताट, लोहाच्या गोळ्या आणि तपासणीची तारीख तिच्या मागे येत नाही. शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या जोडप्यांना घरात विचारायला कोणी नाही, आणि मोबाईलवर सांगणारे शंभर आहेत.

जुने अपसमजही सुटलेले नाहीत. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल म्हणून शेवटच्या महिन्यांत कमी खा, असा सल्ला अजून दिला जातो. तो घातक आहे. त्याच महिन्यांत बाळाचे वजन वाढायचे असते. ग्रहणात उपाशी बसवणे हाही त्याच जातीचा जाच. दुसऱ्या टोकाला ‘दोघांचं जेव’ हा सल्ला. प्रत्यक्षात दुसऱ्या तिमाहीपासून दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर वालाचे बिरडे आणि थोडे शेंगदाणे. दुपटीची गरज पोटापेक्षा सत्त्वाची आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना असतो, तांदळात जेमतेम दहा. लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर वाया जाते, लिंबू-आवळ्याबरोबर घेतली तर अंगी लागते; चुन्याची गोळी तिच्याबरोबर न घेता वेगळ्या वेळी घ्यायची. आंबटाच्या डोहाळ्याला वैद्यकाची अशी अनपेक्षित साथ आहे.

आणि मशेरीबद्दल गप्प बसता येत नाही. या भागातल्या कितीतरी बायका सकाळी दातांना मशेरी लावतात, मळमळ थांबते म्हणून गरोदरपणी जास्तच लावतात. तो भाजलेला तंबाखू आहे. मुंबईत गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा धूरविरहित तंबाखूने बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटलेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वाढलेली दिसली. ‘सरस’च्या खाऊने जे महिनोन्महिने कमावले, त्याच्या दुप्पट मशेरीने जाते.

आता या पुस्तकाविषयी. हे पाकक्रियांचे पुस्तक नाही, जरी त्यात रांधण्याच्या कृती आहेत. हे डॉक्टरांची जागा घेणारे पुस्तकही नाही. सूज, डोकेदुखी, रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले तर पुस्तक मिटून दवाखाना गाठावा. साजगाव आणि भोवतालचा कर्जत-खालापूरचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवून, इथल्या ऋतूंत, इथल्या बाजारात आणि इथल्या चुलीवर गरोदर बाईचे ताट कसे भरावे, याचा विचार त्यात मांडला आहे. नऊ महिने म्हणजे तीन ऋतू. वैशाखात दिवस गेलेल्या बाईची मळमळ लावणीच्या चिखलात वाकून काम करताना चालू असते. कार्तिकात दिवस गेलेलीचा सातवा-आठवा महिना पावसाळ्याच्या तोंडावर, घरातली बेगमी संपत आलेली असताना येतो. म्हणून एकच तक्ता सगळ्यांना लागू करण्याऐवजी ऋतूप्रमाणे विचार केला आहे. मासळी खाणारे आगरी-कोळी घर, माळकऱ्याचे शाकाहारी घर, भट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब आणि खोपोलीच्या इमारतीतले नोकरदार जोडपे, या चौघांची ताटे वेगवेगळी धरली आहेत. माळकऱ्याच्या घरी ब-१२साठी दूध-दह्यावर भर द्यावा लागेल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीही घ्यावी लागेल; मासळीच्या घरी खारवलेल्या माशातल्या मिठाकडे लक्ष ठेवावे लागेल, विशेषतः रक्तदाब वाढलेला असेल तेव्हा. रानभाज्यांचे गुण गाताना त्यांची काळजीही सांगितली आहे. शेवळे नीट शिजवली नाहीत तर घसा खवखवतो, काही रानवनस्पती औषधी आणि उग्र असतात; ज्या भाजीची ओळख घरातल्या जाणत्या बाईला नाही ती या काळात नको.

डोहाळ्यांबाबत पुस्तकाची भूमिका चरकाच्या त्या जुन्या सूचनेजवळची आहे. भज्यांची इच्छा झाली तर कुर्डूची किंवा माठाची भजी घरी तळावीत. गोड हवे असेल तर नाचणीचा, शेंगदाण्याचा, गुळाचा लाडू. आंबट हवे असेल तर कैरी, आवळा, चिंचेचे सार. मातीची ओढ असेल तर आधी रक्ताची तपासणी आणि जंतांची गोळी, डॉक्टर सांगतील त्या महिन्यात. प्लेटभर पाणीपुरीसाठी कोणी अपराधी वाटून घेऊ नये. पाणी कुठले आहे एवढे पाहावे. बाईच्या इच्छेवर पहारा बसवणारा आहारसल्ला मला मान्य नाही, आणि तिच्या इच्छेच्या नावाखाली तिचे पोषण विसरणारा लाडही मान्य नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गरोदर बाईने हे पुस्तक वाचले तर आनंदच आहे, पण तिच्यावर आणखी एक जबाबदारी टाकण्यासाठी ते लिहिलेले नाही. तिला नाचणी, अंडे, पालेभाजी चांगली असते हे बहुधा ठाऊक असते. घरात अंडी किती आणायची, दूध कोणाला द्यायचे, तिने लावणीला जायचे की नाही, भट्टीवर निघण्यापूर्वी तिचे कार्ड आणि गोळ्या कोणी बरोबर घ्यायच्या, हे ठरवणारी माणसे वेगळी असतात. नवरा, सासू, सासरे, मुकादम, अंगणवाडीच्या कामावर देखरेख करणारे अधिकारी, ग्रामपंचायतीचे सदस्य: हे पुस्तक आधी त्यांच्या हातात जावे. त्यांनी एवढे केले तरी माझे लिहिणे कामी आले असे मी समजेन: घरातल्या दोन जिवांच्या बाईला सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या बरोबर वाढावे, आणि हाच नेम घरातल्या लेकीलाही आजपासून लावावा. तिचे पहिले बाळ यायला कदाचित दहा-पंधरा वर्षे असतील. त्याच्या वजनाची तयारी आजच्या जेवणापासून होते.